पंडितजींची वाटी

तेल हा शब्द कुणी काढला की तुफैल मियाँच्या मस्तकात तिडीक जायची. आणि गेले पंधरा दिवस गल्लीत दुसरा शब्दच नव्हता.

चाळीस वर्षं तो बासऱ्या करत होता. सिल्चरहून आलेल्या बांबूच्या मोळीत हात घातला की कोणती कांडी बोलणार आणि कोणती मुकी राहणार, हे त्याला बोटांनी कळायचं. तापलेली सळई कुठं टेकवायची, किती दाबायची, भोक केसभर कुठल्या बाजूला वाढवायचं, यात त्याला शिकवायची सगळ्या पिलीभीतमध्ये कुणाची छाती नव्हती. पण बासरीला तेल पाजायचं काम त्यानं कधी केलं नव्हतं. ते कनीजचं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं ते हातात घेतलं, ते चौतीस वर्षं. तयार बासरी तो भिंतीला टेकवून ठेवायचा, ती आत घेऊन जायची, आणि चार-सहा दिवसांनी बासरी परत भिंतीला टेकलेली असायची, पोटभर जेवलेल्या माणसासारखी. कोणतं तेल, किती, केव्हा, हे त्यानं विचारलं नाही. घरातलं मीठ कुठल्या डब्यात असतं हे तरी त्याला कुठं ठाऊक होतं?

आठ महिन्यांपूर्वी कनीज गेली. मिठाचा डबा सापडला. तेलाचं काही कळेना.

मेळ्यात विकल्या जाणाऱ्या बासऱ्यांना तेल लागत नाही. पोरं चार दिवस फुंकतात आणि मोडतात. त्यामुळे इतके महिने निभावलं. मग पंडित कुंजबिहारी मिश्रांची बासरी आली.

हातभर नव्हे, चांगली दीड हात लांब, जाड, खर्जातली बासरी. एकतीस वर्षांपूर्वी तुफैलनं केलेली. तशी कांडी त्याला नंतर पुन्हा कधी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी ती तशी झाली असती, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला नसता. दर वर्षी थंडी पडायच्या आधी पंडितजी ती तेल पाजायला पाठवायचे आणि न्यायला स्वतः यायचे. यंदाही पाठवली होती. सोबत निरोप, की पंधरा दिवसांनी, जुम्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी येतो.

तुफैलनं कापड सोडलं आणि बासरी उजेडात फिरवली. फुंकायच्या भोकाखाली दोऱ्याची गुंडाळी होती, तिच्या खालून नखाएवढी बारीक रेघ निघाली होती. तडा. एकतीस वर्षांत पहिला. आत बोट घातलं तर बांबू कोरडा ठक्क. लवकर तेल पोचलं नाही तर ती रेघ महिना-दीड महिन्यात पहिल्या बोटाच्या भोकापर्यंत जाणार होती, आणि मग ती बासरी चुलीत घालायच्या लायकीची. चुकीचं तेल पोचलं तर आवाज बसणार होता, म्हणजे तेही चुलीतच.

त्यानं फक्त एवढीच चूक केली, की संध्याकाळी मेहुणा आल्यावर त्याच्यासमोर हे बोलला.

रियासत कनीजचा धाकटा भाऊ. चौकात त्याचं किराणा दुकान. बहीण गेल्यापासून रोज संध्याकाळी यायचा, चहा प्यायचा, उगाच इकडे-तिकडे बघायचा आणि जायचा. त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत पहिल्यांदा उजेड पडला.

"दुल्हाभाई, एवढंच ना? माझ्या दुकानात अकरा तऱ्हेची तेलं आहेत."

"मला अकरा नकोत. एक पाहिजे. जे ती लावायची ते."

"मग मोहरीचं. आपल्याकडे दुसरं काय लावणार?"

"तू पाहिलंस तिला लावताना?"

"पाहायचं काय त्यात? मी तिचा भाऊ आहे."

"भाऊ म्हणून तुला तिच्या बाटलीतलं तेल कळतं?"

"तुम्ही तर नवरा होता. तुम्हाला कळतं?"

यावर तुफैलनं चहाचा कप जरा जोरातच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सून शाइस्तानं बदामाचं तेल आणलं. मोबाइलवर कुण्या बाईनं सांगितलं होतं, बदामच सर्वांत हलकं. समोरच्या घरातला म्हातारा खोबरेल म्हणाला. मशिदीपाशी अत्तर विकणारा जवसाचं म्हणाला, दारं-खिडक्यांना लावतात ना, मग. रियासतनं मागून तिळाचं पाठवलं आणि वर निरोप, की मोहरीचं चालत नसेल तर हे चालेलच. दूधवाल्यानं तूप सांगितलं. तुफैलनं त्याला दूध ओतून निघायला सांगितलं.

शेवटी त्यानं टाकाऊ कांड्यांच्या पाच बासऱ्या घेतल्या, पाचांना पाच तेलं पाजली आणि अंगणातल्या दोरीवर टांगल्या. चार दिवसांनी जे झालं ते पाहून त्याला हसावं की रडावं कळेना. पहाटेच्या गारठ्यात खोबरेल आत गोठलं होतं. फुंकल्यावर पांढरा गोळा टपकन त्याच्या लुंगीवर पडला. जवसाचं आत चिकटून बसलं होतं, त्याला दोन माश्या आणि एक मुंगळा कायमचे लागले होते. तिळाची बासरी उंदरांनी कुरतडली. बदामाची ठीक होती, पण तिनं तेल असं पिऊन टाकलं की जणू कधी दिलंच नव्हतं. आणि मोहरीची बासरी सर्दी झाल्यासारखी घुमत होती.

"बासऱ्याच खराब घेतल्या तुम्ही," रियासत पाचही बघून म्हणाला.

"खराबच घ्यायच्या होत्या."

"मग खराब निकाल येणारच. तेलाचा काय दोष?"

"रियासत, तू घरी जा."

"चहा झाला नाही अजून."

"चहा घे आणि घरी जा. पण तोंड उघडलंस तर चहासाठीच उघड."

रियासतनं चहा संपवला. जाताना दारात थांबला आणि म्हणाला, "आपा असती तर मला असं बोलू दिलं नसतं तुम्हाला." हे खरं होतं, म्हणून तुफैलला आणखीच राग आला.

गुरुवार दोन दिवसांवर आला. तड्याची रेघ आणखी गव्हाच्या दाण्याएवढी वाढली होती. तुफैलनं नवा दोरा घट्ट गुंडाळला, पण दोऱ्यानं बांबूची तहान भागत नाही. त्या दुपारी शाइस्ता बाजारात गेली होती. तो कनीजची पेटी उघडून बसला. आठ महिने त्यानं त्या पेटीला हात लावला नव्हता. वर दुपट्टे, खाली लग्नातला गरारा, एका कोपऱ्यात चष्म्याची मोडकी काडी, आणि अगदी तळाशी फडक्यात गुंडाळलेली छोटी बाटली. चिठ्ठी नाही, नाव नाही. तळाला दोन बोटं पिवळं-तपकिरी तेल.

त्यानं बूच काढून नाकाशी धरलं. चाळीस वर्षं जळक्या बांबूचा धूर ओढून त्याचं नाक जवळजवळ गेलंच होतं. जेवण करपलं तरी त्याला कळायचं नाही. पण हा वास त्याला कळला. हा कनीजचा वास होता. रात्री ती शेजारी येऊन टेकायची तेव्हा हाच यायचा. त्यात शंकाच नव्हती.

मग उठला, काडीला मऊ कापड गुंडाळलं, चार थेंब टाकले आणि पंडितजींच्या बासरीच्या पोटातून, टोकाशी आत बसवलेलं बूच लागेपर्यंत, हळूहळू फिरवलं. उरलेलं बोटानं बाहेरून चोळलं. बांबूचा रंग गडद झाला. गेल्या पंधरा दिवसांत त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. रियासतला बोलावून दाखवावं असंही वाटलं.

शाइस्ता पिशव्या घेऊन आत आली आणि दारातच नाक मुरडलं.

"अब्बा, गुडघे दुखतायत का?"

"माझे? नाही. का?"

"मग अम्मीचं गुडघ्याचं तेल कुणी काढलं?"

तुफैलनं तिच्याकडे पाहिलं. मग बाटलीकडे.

"कसलं तेल?"

"गुडघ्याचं. मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा जाळून. मीच करून द्यायचे दर महिन्याला. रोज रात्री चोळायच्या त्या." तिची नजर बासरीवर गेली. "या अल्लाह. अब्बा, तुम्ही ते..."

"गप्प बस."

"पंडितजी लसूण खात नाहीत अब्बा! कांदासुद्धा नाही!"

"गप्प बस म्हटलं ना!"

ती गप्प बसली नाही. तिनं डोक्याला हात लावला, हसू आलं ते पदरात दाबलं, मग तुफैलचा चेहरा बघून तेही थांबवलं. दोघांनी मिळून सुकी फडकी फिरवली, भाताचा कोंडा आत भरून झटकला, दिवसभर उन्हात ठेवली. तुफैल दर तासाला शाइस्ताला नाक लावायला सांगायचा. तिचं उत्तर दर वेळी तेच.

"आहे अजून."

"किती?"

"शेजाऱ्यांना कळेल इतकं."

गुरुवारी अकराला पंडितजी आले. वाळले होते. हातात काठी होती. ओसरीवर नेहमीच्या जागी बसले, पाणी प्यायले, कनीज गेल्याचं ऐकून आतल्या दाराच्या पडद्याकडे पाहिलं. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मग म्हणाले, "आणा बघू."

तुफैलनं बासरी दिली. पंडितजींनी ती कपाळाला लावली, ओठांशी नेली आणि तिथंच थांबले. डोळे उघडले. पुन्हा हुंगली.

"मियाँ. हा लसूण आहे का?"

"आहे," तुफैल म्हणाला. खोटं बोलायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

"माझ्या बासरीत लसूण?"

"चुकून."

"चुकून? एकतीस वर्षं हिला ओठ लावतोय! स्वयंपाकघरातलं तेलसुद्धा भाभींनी हिच्याजवळ येऊ दिलं नाही. माझ्यासाठी वेगळी वाटी होती तुमच्या घरात, ठाऊक आहे ना?"

तुफैलला ठाऊक नव्हतं. पडद्यामागून शाइस्ता म्हणाली, "कोनाड्यातली, अब्बा. काचेची. तुम्ही बुचांचे तुकडे टाकता त्यात."

तुफैलचा पारा चढला. कुणावर, ते त्याचं त्यालाही कळलं नसतं. "मला कुणी काही सांगायचं नाही आणि मग सगळ्यांनी मलाच विचारायचं! कोणतं तेल, पंडितजी? तुम्हीच सांगा. पंधरा दिवस मी वेडा झालोय. मोहरी म्हणे, बदाम म्हणे, तूप म्हणे! काय लावायची ती?"

"मला काय ठाऊक? मी फुंकणारा माणूस."

"एकतीस वर्षांत विचारलं नाहीत?"

"तुम्ही चौतीस वर्षांत विचारलंत?"

दोघंही एकमेकांकडे रागानं बघत बसले. मग पंडितजींनीच काठी भिंतीला लावली.

"विचारायच्या त्या भाभीच. त्या पडद्यामागून. आल्या आल्या सुरू. पंडितजी, पान किती खाता सध्या? झोपता कुठं, गच्चीवर की पंख्याखाली? बासरी लाकडी पेटीत ठेवता की कापडात? एकदा मला कावीळ झाली होती, तर डोळ्यांचा रंग विचारला. ज्या वर्षी मी पान सोडलं, त्या वर्षी म्हणाल्या, बरं झालं, आता तेल बदलते."



ते प्रश्न त्यानं ऐकले होते. चौतीस वर्षं ऐकले होते. कलकत्त्याचा माणूस येवो, जयपूरचा येवो, कनीज पडद्याआडून सुरू व्हायची. घरात ओल येते का, नळ किती वेळ असतो, विडी ओढता का. गिऱ्हाईक गेल्यावर तो आत जाऊन ओरडायचा. "तो पान खातो की नाही, तुला काय करायचंय? बासरी घ्यायला आलाय, सोयरीक करायला नाही!" ती हसायची. कधी कधी काहीतरी सांगायचीही. सळई तापलेली असायची, धूर डोळ्यांत असायचा, आणि तो "हं" म्हणायचा.

"हं," तो आताही म्हणाला.

पडद्यामागे बांगड्या वाजल्या. शाइस्तानं घसा साफ केला.

"पंडितजी, तुम्ही अजून कानपूरलाच राहता का?"

तुफैलनं मान वळवली. तिला काय करायचंय, हे शब्द त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. तिथंच राहिले.

"नाही बेटी. फेब्रुवारीपासून बिकानेरला. मुलाकडे. बायको गेल्या वर्षी वारली, तेव्हा एकटा कुठं राहू?"

आता तुफैलनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. गेल्या हिवाळ्यात पंडितजी आले होते तेव्हा त्यांच्या शर्टाला एक बटण नव्हतं. आजही नव्हतं. त्या वेळी त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आज आलं.

"बिकानेर," तो म्हणाला. "वाळू. हवा कोरडी. आणि मुलाच्या घरात थंड हवेचं यंत्र असेल."

"दिवसरात्र."

"म्हणून तडा गेला. तेल कमी पडलं म्हणून नाही. तिथली हवाच हिचं पाणी शोषते." त्यानं बासरी घेतली, रेघेवर अंगठा फिरवला. बांबू त्याला कळत होता. कळत नव्हतं ते फक्त माणसांचं. "कानपूरला पान खायचात तेव्हा श्वास ओला. तेव्हा हलकं तेल, थोडं. आता पान नाही, हवा कोरडी. आता दाट पाहिजे. मोहरीचं, घाण्यावरचं, कच्चं. पण एकदम नाही. एकदम पाजलं की सर्दी होते, मी बघितलंय. एक थेंब, मग चार दिवस उपास, मग एक थेंब." तो थांबला. "दात?"

"काय?"

"दात तुमचे आहेत की बसवलेले?"

पंडितजींचा चेहरा लाल झाला. "वरचे बसवलेत, सहा महिने झाले. तुम्हाला काय करायचंय?"

"फुंकर कुठून पडते ते बदलतं. आवाज गेलाय असं वाटत असेल तुम्हाला सहा महिने."

पंडितजींनी जिभेनं वरचे दात चाचपले. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, माझाच गेला."

"तुमचा नाही. भोकाची वरची कड जरा घासतो. आणि तेल. महिना लागेल."

"आणि लसूण?"

"तोही महिन्यात जाईल."

"नाही गेला तर?"

"तर गुडघे दुखणार नाहीत तुमचे," पडद्याआडून आवाज आला. पंडितजींना हसू फुटलं. तुफैलनं "शाइस्ता!" म्हणून दम दिला, पण त्यात जोर नव्हता.

ते गेल्यावर त्यानं कोनाड्यातली वाटी काढली, बुचांचे तुकडे ओतून टाकले आणि राखेनं ती स्वतः घासली. शाइस्ता म्हणाली, "द्या, मी घासते," तर तो तिच्यावर खेकसला. संध्याकाळी रियासत घाण्यावरचं ताजं तेल घेऊन आला. आणताना वाटेत त्यानं तीन जणांना सांगितलं होतं, की शेवटी मोहरीच ठरली, मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो.

"म्हणाला होतास," तुफैल म्हणाला. "का ते सांगितलं नव्हतंस."

"का म्हणजे? आपल्याकडे दुसरं काय लावणार?"

तुफैलनं त्याला चहा दिला.

शनिवारी भोपाळहून फोन आला. कुणी तरुण माणूस, आवाज उतावळा. त्याला मध्यम बासरी हवी होती, चांगली, आठवड्यात. तुफैलनं सूर विचारला, लांबी विचारली. मग जरा थांबून, डोळे मिटून विचारलं, "बेटा, पान खातोस का?"

"नाही. का?"

"सिगारेट?"

"चाचा, बासरीचं बोला ना."

"बोलतोय. राहतोस कुठं? तळ्याच्या बाजूला? घरात ओल आहे?"

 मग तो पोरगा वैतागून म्हणाला, "पण तुम्हाला काय करायचंय?"

फोन कानाशी धरूनच तुफैलनं मागे पाहिलं. आत शाइस्ता भांडी घासत होती. भिंतीला पंडितजींची बासरी टेकलेली होती, तिच्या उपासाचा दुसरा दिवस होता.

"असंच," तो म्हणाला. "सांग, ओल आहे का?"